आरोग्य संजीवनी पॉलिसी: बेळगावात आईच्या ऑपरेशनला वापरली, त्याचा पूर्ण हिशोब

आधी निकाल सांगते, मग कारणं. पॉलिसी चांगली आहे, घ्या. पण दोन लाखाची घेऊ नका, अडीच लाखाच्या खाली तर अजिबात नको. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूला एजंट लोक जे सांगतात त्यात नेमकी हीच गोष्ट राहून जाते आणि दवाखान्यातनं घरी जायच्या वेळी पैसे तिथंच कापले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आरोग्य संजीवनी ही कुठल्या एका कंपनीची पॉलिसी नाही. इर्डा म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था, हैदराबादला त्यांचं मुख्य ऑफिस, त्यांनी २०२० मध्ये हेल्थ विमा विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की ही एक ठरलेली पॉलिसी ठेवायचीच, अटी सगळ्यांच्या सारख्या, फक्त हप्ता ज्याचा त्याचा वेगळा. साध्या माणसाला त्यातलं बरं काय तर तुलना करायला डोकं लागत नाही. कंपनी कुठलीही घ्या, आतला मजकूर तोच, त्यामुळे हप्ता किती आणि आपल्या गावाजवळचे कुठले दवाखाने कॅशलेसच्या यादीत आहेत एवढंच बघायचं. आम्ही ज्या कंपनीची घेतली तिचं नाव मुद्दाम देत नाही कारण जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे.

आईची पॉलिसी दोन लाखाची होती. वय साठीच्या पुढं, शुगर नाही, बीपीची एक गोळी, ती फॉर्ममध्ये लिहिलेली. एजंट शहापूरचेच, ओळखीचे, माणूस वाईट नाही, "दोन लाख भरपूर झाले की ओ अक्का, बेळगावात काय मुंबईसारखं बिल येत नाही" असं म्हणाले होते. बिलाच्या बाबतीत त्यांचं खरंच निघालं, बिल दोन लाखाच्या जवळपासही गेलं नाही. पैसे कापले गेले ते दुसऱ्याच कारणानं.

आईला पित्ताशयात खडे झाले, दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं ठरलं. पित्ताचे खडे, हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध असल्या ठरावीक आजारांना या पॉलिसीत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, आमची दोन वर्षं होऊन गेली होती म्हणून तिथं काही अडलं नाही. ज्यांना आजच मोतीबिंदू आहे आणि पुढच्या महिन्यात पॉलिसी काढून ऑपरेशन करायचंय त्यांनी हे वाचून ठेवा, होत नाही तसं.

दवाखान्यात गेलो तेव्हा कमी भाड्याच्या खोल्या भरलेल्या होत्या. मिळाली ती दिवसाला ५,००० ची. इन्शुरन्सच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, कॅशलेस होतंय, टेन्शन घेऊ नका." कॅशलेस झालंही, मंजुरी लवकर आली. आता पॉलिसीतली अट बघा. खोलीचं भाडं रकमेच्या २ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये रोज. म्हणजे दोन लाखाला ४,००० रोज. आम्ही ५,००० च्या खोलीत. सगळ्यांना वाटतं की रोजचा वरचा हजार आपण भरायचा आणि विषय संपला. तसं नसतं. खोली मर्यादेच्या वर गेली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग हे सगळंच त्याच प्रमाणात कापतात. चार हजार भागिले पाच हजार म्हणजे ८० टक्के, तेवढेच ते देणार.

आमचं बिल मोजायला सोपं जावं म्हणून पूर्ण आकड्यात देते. खोली तीन दिवस १५,०००. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग सगळं मिळून ४८,०००. औषधं आणि ऑपरेशनला लागलेलं मेडिकलचं सामान २७,०००. एकूण ९०,०००. कंपनीनं काय केलं तर पूर्ण ९०,००० चे ८० टक्के काढले, ७२,०००, त्यातनं या पॉलिसीचा ठरलेला ५ टक्के आपला वाटा वजा केला (हा प्रत्येक क्लेमला असतोच, लहान असो मोठा असो) आणि ६८,४०० मंजूर केले. राहिलेले २१,६०० आम्ही काउंटरवर भरले आणि आईला घरी आणलं.

घरी आल्यावर कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की औषधांवर पण २० टक्के कापलेत. हे चालत नाही. २०२० मध्येच इर्डानं स्पष्ट केलंय की खोलीच्या प्रमाणात कपात करताना औषधं, मेडिकलचं सामान, आत बसवलेली वस्तू (स्टेंट, गुडघ्याचा सांधा वगैरे) आणि तपासण्या यांना हात लावायचा नाही. आयसीयूच्या चार्जेसवर पण ही कपात नाही. आणि ज्या दवाखान्यात खोली बदलली तरी डॉक्टरांची फी, थिएटरचे दर तेच असतात तिथं ही कपातच करता येत नाही. आपल्याकडं तालुक्याच्या गावातले कितीतरी छोटे दवाखाने असेच आहेत, एकच रेट, खोली कुठलीही घ्या. तिथं कपात झाली असेल तर दवाखान्याकडनं तसं लेटरहेडवर लिहून घ्या आणि कंपनीला पाठवा.

म्हणजे बरोबर हिशोब असा व्हायला पाहिजे होता: खोलीचे १२,०००, डॉक्टर-थिएटरचे ४८,००० चे ८० टक्के म्हणजे ३८,४००, औषधं पूर्ण २७,०००, बेरीज ७७,४००, त्यातनं ५ टक्के गेले की ७३,५३०. फरक ५,१३० चा. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला, बिलाचा फोटो, कपातीचा कागद आणि वरची चार ओळींची बेरीज, बाकी काही भाषण नाही. आधी एक ठोकळेबाज उत्तर आलं की पॉलिसीच्या अटींनुसार क्लेम सेटल झालाय. मी परत लिहिलं की कुठल्या अटीनुसार औषधांवर कपात केली ती अट क्रमांकासकट सांगा. त्यानंतर पैसे खात्यावर जमा झाले. लढाई बिढाई काही नाही, बेरीज करून विचारलं एवढंच. पण किती लोक विचारतात ओ? काउंटरवर पेशंटला गाडीत बसवायची घाई, गावाकडनं आलेली माणसं बाहेर ताटकळलेली, त्यात कोण बेरीज करणार.

आता अडीच लाखाचं का म्हणते ते. अडीच लाखाचे २ टक्के म्हणजे बरोबर ५,०००. आईची पॉलिसी अडीच लाखाची असती तर तीच खोली मर्यादेत बसली असती, कपात शून्य, ९०,००० मधले फक्त ५ टक्के म्हणजे ४,५०० आमच्या खिशातनं गेले असते. दोन लाखाच्या पॉलिसीत सगळं बरोबर होऊनसुद्धा १६,४७० गेले. पन्नास हजाराच्या जादा कव्हरचा हप्ता त्या मानानं किरकोळ असतो. आणि हेही बघून ठेवा की खोलीची मर्यादा ५,००० वरच थांबते, पाच लाखाची घ्या नाहीतर दहाची, खोलीला ५,००० च. त्यामुळे ज्यांना पुढं मागं पुणे-बेंगळूरला मोठ्या दवाखान्यात जायची वेळ येईल असं वाटतं त्यांनी खोलीची मर्यादा नसलेली दुसरी पॉलिसी बघावी. ही आपल्या बेळगाव-हुबळी-कोल्हापूर पट्ट्यातल्या खर्चाला बसणारी आहे, मेट्रोला नाही.

बाकीच्या अटी पटकन. ऑपरेशनच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवसांचा खर्च मिळतो, आईची सोनोग्राफी आणि नंतरच्या गोळ्या यातच निघाल्या, पावत्या ठेवा. आयसीयूला रोज रकमेच्या ५ टक्के किंवा १०,०००, जे कमी ते. मोतीबिंदूला एका डोळ्याला रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, जे कमी ते. अँब्युलन्सला २,०००. आयुर्वेदिक दवाखान्यात ॲडमिट होऊन घेतलेले उपचार पूर्ण रकमेपर्यंत चालतात. क्लेम नसलेल्या वर्षाला ५ टक्के बोनस चढतो, ५० टक्क्यांपर्यंत. ग्लोव्ह्ज, मास्क असल्या किरकोळ वस्तूंचे पैसे बहुतेक मिळत नाहीत. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, रिन्यूअलची पावती आली की कर लावलेला नाही ना एवढं बघा.

डिस्चार्जचा वेळ हा माझा दुसरा राग. डॉक्टरांनी सकाळी घरी जा म्हणून सांगितलं आणि कंपनीची शेवटची मंजुरी यायला संध्याकाळ उलटली. ऑपरेशन झालेलं माणूस दिवसभर तिथंच, घरी न्यायची पिशवी भरून ठेवलेली, आई सारखी विचारायली, "कधी सोडणार ग?" वर काउंटरवर म्हणाले अजून एक दिवसाचं खोलीभाडं लागेल. इर्डाचं मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे त्यात दोन वेळा ठरवून दिल्यात: ॲडमिट होताना मंजुरीचा निर्णय एका तासात, डिस्चार्जचा तीन तासात, आणि तीन तासाच्या वर उशीर झाला म्हणून दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं स्वतःच्या भागधारकांच्या पैशातनं द्यायचे, पेशंटनं नाही. मी हे शांतपणे सांगितलं आणि दवाखान्यानं कंपनीला बिल कधी पाठवलं ती वेळ लिहून मागितली. जादा दिवस बिलातनं निघाला. ती वेळ मागायची लक्षात ठेवा, कारण तीन तास डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यापासून नाही तर दवाखान्याची विनंती कंपनीकडं पोचल्यापासून मोजतात, आणि बऱ्याच वेळा उशीर दवाखान्याच्याच बिलिंगमध्ये झालेला असतो.

त्याच सर्क्युलरमध्ये अजून एक गोष्ट आहे ती सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे, क्लेम नाकारायचा असेल तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतली कुठली अट ते लिहून द्यावं लागतं. फोनवर "रिजेक्ट झालाय" म्हणून सांगितलं तर ते उत्तर धरू नका.

आता आपल्या सीमाभागाचा खरा गोंधळ. तक्रार कुठं करायची? कर्नाटकात राहतो, दवाखाना कधी बेळगावचा, कधी कोल्हापूर-मिरजेचा, कंपनी मुंबईची नाहीतर चेन्नईची. लोक डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला विमा कंपनीची तक्रार घेऊन जातात आणि विमा कंपनीला दवाखान्यानं जादा पैसे घेतल्याचं सांगत बसतात, दोन्हीकडनं हात हलवत परत. घटनेत विमा हा केंद्राच्या यादीतला विषय आहे, दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीतला. त्यामुळे कंपनीनं पैसे कापले, क्लेम नाकारला, उशीर केला तर केंद्राचे नियम, राज्य कुठलंही असो. दवाखान्यानं दरपत्रक लावलं नाही, बिलाचा तपशील दिला नाही, अडवून धरलं तर ज्या राज्यात दवाखाना त्या राज्याचा कायदा.

कर्नाटकात तो कायदा म्हणजे २००७ चा खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा, लोक केपीएमई म्हणतात, २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, बेंगळूरला डॉक्टरांचा संप वगैरे झाला होता तेव्हा. दर लोकांना दिसतील असे लावायचे, पेशंटच्या हक्कांची सनद पाळायची, इमर्जन्सीत आधी पैसे भरा म्हणून अडवायचं नाही, बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडकवून ठेवायचा नाही, हे सगळं त्यात आहे. तक्रार ऐकायला जिल्ह्यात डीसींच्या अध्यक्षतेखाली समिती असते, अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं द्यायचा. कोल्हापूर, गडहिंग्लज, मिरजेच्या दवाखान्यात गेलात तर तिथं महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ चा, त्याच्या नियमात २०२१ मध्ये रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक लावायची सक्ती आली. डिस्चार्जच्या दिवशी दरपत्रकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला की पुढं बोलायला सोपं जातं.

कंपनीच्या बाबतीत आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. बेळगावच्या माणसाला बेंगळूरचं लोकपाल ऑफिस लागतं, तुम्ही राहता त्या पत्त्यावरनं ठरतं, दवाखाना महाराष्ट्रात होता तरी चालतं. फी नाही, वकील नको, ५० लाखापर्यंतची तक्रार चालते, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत करायची, आणि लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीला ३० दिवसात पाळावा लागतो. तुम्हाला नाही पटला तर तुम्ही ग्राहक कोर्टात जायला मोकळे. बेंगळूरला खेटे घालायला लागतील म्हणून लोक सोडून देतात, ते आता राहिलेलं नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर. निपाणीच्या एका ओळखीच्यांचा क्लेम "बीपी लपवलं" म्हणून नाकारला होता, पॉलिसी न तुटता सहा वर्षं चालू. २०२४ पासून नियम असा आहे की सलग पाच वर्षं झाली की माहिती दिली नाही या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षं होती. त्यांच्या मुलानं घरात बसून मोबाईलवर सुनावणी केली आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. रिन्यूअल एक दिवस पण तुटू देऊ नका म्हणतात ते यासाठी.

भाषेचं. पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक म्हणून दोन-चार पानांचा सोपा कागद येतो, काय मिळतं, काय मिळत नाही, तक्रार कुठं. जानेवारी २०२४ पासून तो नव्या साच्यात द्यायचाय आणि मागितला तर स्थानिक भाषेत द्यायचाय. आम्हाला इंग्रजीतला आला होता, ईमेल करून मराठीतला मागितला, दिला. आईनं चष्मा लावून पूर्ण वाचला आणि खोलीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे त्यांनी आधी सांगायला नको होतं व्हय?" तिचं बरोबर आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात, नाही पटली तर परत करता येते, तेवढ्यात हा कागद मराठीतनं मागवून घरातल्या थोरल्या माणसांना वाचायला द्या.

आणि पॉलिसी घ्यायच्या आधी सरकारी योजनेत बसता का ते बघा, उगाच हप्ता भरू नका. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत उपचार मोफत, बहुतेक मोठ्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, इमर्जन्सीत लागत नाही. म्हणून आधी सिव्हिलला जाऊन मग खाजगीत, उलटं केलं की पैसे खिशातनं. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्केच, वर्षाला दीड लाखापर्यंत, म्हणजे पॉलिसीची खरी गरज त्यांना. सहकारी सोसायटीचे सभासद असाल, ऊसवाले, दूधवाले, तर यशस्विनी बघा, २००३ ची जुनी योजना, मध्ये बंद होती, २०२२ मध्ये परत चालू केली, खेड्यात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपयात पाच लाखापर्यंत. एवढ्या पैशात याच्याशी स्पर्धा करणारं काही नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, त्यावर दोन्हीकडनं बरंच बोलणं झालं. मला त्या योजनेबद्दल आपुलकी आहे, आमच्या माणसांना ती मिळावी असंच वाटतं, पण पोटात कळ आली तेव्हा दोन राज्यांचं कधी मिटेल याची वाट बघता येत नाही, म्हणून घरात आपली एक पॉलिसी पाहिजेच.

रिन्यूअलला आईची रक्कम तीन लाख करून घेतलीय. वाढलेल्या एक लाखाला वेटिंग परत पहिल्यापासून मोजतात, जुन्या दोन लाखाला नाही, हे एजंटनी विचारल्यावर सांगितलं. म्हणजे रक्कम वाढवायची असेल तर आजार व्हायच्या आधी वाढवा. पाचपैकी चार स्टार पॉलिसीला, आमच्या कंपनीच्या क्लेम विभागाला दोन.